जेवणानंतरची गोळी

माझ्या फुप्फुसातला कॅन्सर गेला त्याला दीड वर्ष झालं. सलाईनमधून औषध देऊन माझीच प्रतिकारशक्ती चेतवली आणि तिनंच तो खाल्ला, असं पुण्याच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. असेल. फक्त तेवढ्यावर ती थांबली नाही. गुडघे धरले, बोटं धरली आणि मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कायमच्या बंद पाडल्या. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत. आता सकाळी एक आणि दुपारी एक गोळी, दोन्ही जेवणानंतर. वराळ्याच्या कारखान्यात वीस वर्षं फिटर होतो. आज शर्टाची बटणं बायको लावते.

हे कुणाला सांगायची सोय नाही. सुदुंबऱ्यात आमच्या शेजारचे आबा ओट्यावर बसून म्हणतात, "यमाच्या दारातनं म्हागारी आलास, आन् गुडघ्याचं काय घिऊन बसलाय?" त्यांचं बरोबर आहे, म्हणूनच मला जास्त चीड येते.

बायकोनं नवस बोलला होता. मी बरा झालो की दर्शनापर्यंत तोंडात काही न घेता, अनवाणी, माझ्याच पायांनी कार्ल्याचा डोंगर चढून देवीआईपुढं उभा राहीन. पाय माझे, बोलणारी ती. तपासण्या चांगल्या आल्यापासून ती आठवण करायची. मी म्हणायचो, थंडी सरू दे. मग म्हणायचो, ऊन सरू दे. नवस राहिला तर दुखणं उलटतं, ही तिची धास्ती. एकदा भाकरी थापताना मान वर न करता ती म्हणाली, "उलटलं तर म्या कुणाच्या तोंडाकडं बघू?" मग मीच जायचा दिवस ठरवला.

निघायच्या दिवशी तिनं रोजच्यासारखी वाटीत गोळी काढली आणि परत डबीत ठेवली. "जेवणानंतर लिवलंय. जेवानच न्हाई तर गोळी कशी घेनार? रिकाम्या पोटी बाधंल. दर्शन झालं की पेढा खाऊन घ्या." मला ते पटलं. एकही गोळी चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण उपास करणं म्हणजे गोळी चुकवणं, हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

अर्ध्या पायऱ्यांपर्यंत गुडघे ठणकत होते. ते रोजचंच. मग दरदरून गार घाम आला. पायांतलं बळ गेलं, कोरड्या पोटी उलट्या सुरू झाल्या. वर देवळातली घंटा ऐकू येत होती. बायको माझा दंड धरून म्हणत होती, "थोडंच ऱ्हायलंय वो." एवढंच आठवतं.

शुद्धीवर आलो तो लोणावळ्याच्या एका दवाखान्यात. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलं होतं. त्या म्हणाल्या, "तुमचं शरीर जे बनवत नाही तेच या गोळीत आहे. उपाशी असलात तरी घ्यायची. गोळी पोटात टिकत नसेल तर सरळ दवाखाना गाठायचा."

"किती दिवस?" बायकोनं विचारलं.

"आता कायमच."

डॉक्टरबाई गेल्यावर ती खाटेशेजारी उभी राहिली. माझ्याबरोबर तीही अनवाणी चढली होती; पाय अजून तसेच होते, टाचेला चिखल वाळलेला. "आर्धाच झाला," ती म्हणाली. "पुन्यांदा चढाय लागंल."

मला चढता येणार नव्हतं. या वर्षी नाही, बहुधा कधीच नाही. ते तिला कसं सांगावं कळेना. मी विचारलं, "आईला काय बोलली व्हतीस?"

"तुमी बरं झाला की येऊ."

"मग सांग तिला. म्हनावं, आजून बरा झालो न्हाई."

ती म्हणाली, "लोक तर म्हनत्यात झाला."

"म्हनूदे. न्हाई झालो."

तेव्हा ती रडली. आजार कळला त्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती.