पाच सूत, डाव्या आट्याची डाय

हत्यारांच्या दुकानातला माणूस मघापासून बोलून बोलून घसा कोरडा करत होता. काउंटरवर त्याने निळी पेटी उघडून ठेवली होती. आत चाळीस नग, भोकात आटे पाडायचे टॅप वेगळे, रॉडवर आटे पाडायच्या डाय वेगळ्या, प्रत्येकाला आपापला खळगा आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मापांचा तक्ता.

"ताई, घरच्या वर्कशॉपला यापेक्षा चांगलं काही नाही. जन्मभर दुसरं घ्यावं लागणार नाही."

ताईने एक टॅप उचलला, त्याचे दात अंगठ्याच्या नखावर ओढून पाहिले आणि परत ठेवला. नखावर साधा ओरखडासुद्धा उठला नव्हता.

"जन्मभर कसला, पहिल्याच भोकात मोडेल," ती म्हणाली. "आणि मोडलेला टॅप भोकातून काढायला तुम्ही येणार आहात का? यातली तीस मापं कधी लागायची नाहीत, आणि जी दहा लागतील ती महिन्याभरात बोथट होतील. मला पेटी नको. सुटी डाय दाखवा. हायस्पीड स्टीलची. पाच सूत, डाव्या आट्याची."

दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. साहजिकच आहे. जगातले नट उजवीकडे फिरवले की घट्ट होतात. डावीकडे घट्ट होणारे आटे लागतात ते काही ठरावीक यंत्रांना, जिथे फिरता फिरता साधा नट सैल पडतो. त्यात पाच सूत, म्हणजे इंचाचे आठ भाग करून त्यातले पाच. असलं माप मागायला कोण येतं?

"घरात हे कशाला लागतं तुम्हाला?"

"लागतं."

शिडी लावून त्याने वरच्या फळीवरून तेलकट कागदातली डाय काढली. शहरात हिच्यासारखी दुसरी मिळायची नाही, मागवली तर पंधरा दिवस लागतील, असंही सांगितलं. हे ऐकून ताईचा चेहरा इतका खुलला की त्याला वाटलं, बाईला हत्यारांची मोठीच हौस दिसते. हौस कसली डोंबलाची! राग होता तो. ताईने पिशवीतून रॉडचा तुकडा काढला, तिथल्याच व्हाइसच्या जबड्यात आवळला, चार आटे पाडून उजेडात पाहिले, मग डाय फिरवायचं चांगलं जड हँडल निवडलं आणि साठवलेले होते नव्हते ते पैसे देऊन घरी गेली.

आता हा राग कुठून आला ते सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय माझंही डोकं शांत होणार नाही.

ताईच्या वडिलांचं छोटं वर्कशॉप होतं. शाफ्ट, खिळी, बोल्ट, मोडलेलं ते जोडायचं, झिजलेलं ते नवं करायचं. ताईच्या हातात वडिलांनीच हँडल दिलं. "अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे," एवढंच शिकवलं. पुढे गेलं की कीस साचतो, मागे आलं की तुटतो. ज्याला मागे यायचा धीर नाही त्याने आटे पाडू नयेत. ताईला धीर होता. वडील गेले आणि दुकान अर्थातच धाकट्या भावाचं झालं. अर्थातच! या शब्दाला कुणीतरी एकदा चांगलं बदडून काढायला हवं. गल्ल्यावर धाकटा बसला आणि व्हाइसपाशी ताई उभी राहिली, ती बावीस वर्षं.

मग एके दिवशी बेकरीवाला त्याच्या पीठ मळायच्या यंत्राचा रॉड न्यायला आला. यंत्र जुनं, रॉडच्या टोकाला तेच ते पाच सूत, डावे आटे. त्याने नट टोकाला लावून बोटाने टिचकी मारली, तर नट आपला आपण गरगरत शेवटपर्यंत गेला.

"वा! हे आटे पाडतं कोण हो?" बेकरीवाल्याने विचारलं.

धाकट्याने बिलावरची मान वर केली नाही. "मीच. ताई आपली तेल घालते."

दुकानात आणखी दोघं होते, ते हसले. बेकरीवालाही हसला. ताईच्या हातात त्या क्षणी खरोखरच तेलाची कुपी होती, हे तर आणखीच वाईट झालं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. तिने कुपी ठेवली, हात पुसले, एप्रन खुंटीला लावला आणि निघाली. धाकट्याला वाटलं, जेवायला गेली.

ती पुन्हा गेलीच नाही. तिला काय हवं होतं ते मी सांगतो, कारण ते अगदी थोडं होतं. धाकट्याने त्याच बेकरीवाल्यासमोर, स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, की आटे ताई पाडते. बस. तेवढ्या एका वाक्यासाठी तिने ती डाय घेतली.

कारण तिला दोन गोष्टी ठाऊक होत्या. एक, बेकरीचा रॉड दहा महिन्यांत झिजतो. दुसरी, दुकानातल्या जुन्या डायचा सुरुवातीचा दात तुटलेला आहे. ताई ती डाय उलटी धरून सुरुवात करायची, चार आटे नीट बसले की सुलटी करायची. नवीन आण म्हणून तिने तीनदा सांगितलं होतं. "चालतंय ना? मग झालं," हे धाकट्याचं तिन्ही वेळचं उत्तर. चालतंय कुणामुळे, हे विचारायची त्याला कधी गरज वाटली नाही. जाताना तिने ही युक्ती त्याला सांगायला हवी होती असं कुणी म्हणेल. का म्हणून? तेल घालणारीला काय कळतंय त्यातलं!

ताई आणि तिची म्हातारी आत्या दोन खोल्यांत राहायच्या. स्वयंपाकघरामागच्या बोळकंडीत ताईने टेबल ठोकलं, त्यावर व्हाइस बसवला आणि धाकटा डाय मागायला येईल त्याची वाट पाहायला लागली. शेजारपाजारची कामं यायची, शिलाई मशीनचा स्क्रू, सायकलचा आस, कुणाच्या खिडकीची कडी. त्यासाठी तिने रोजच्या वापरातले दोन-तीन टॅप आणि डाय उसने आणले होते. रिकामा वेळ मिळाला की भंगारातल्या रॉडवर डावे आटे पाडत बसायची.

"अगं, किती दात-ओठ खातेस," आत्या म्हणायची. "तुझ्या लग्नात मोडता घातला होता ना त्याने, तेव्हासुद्धा इतकी पेटली नव्हतीस."

"तेव्हा होणारा नवरा गेला होता, आत्या. आता माझं काम गेलं."

"बरं बाई. पण जेव तरी."

ताई कॅलेंडरवर महिने खोडत होती. तिला बेकरीवाल्याचं काही वाईट करायचं नव्हतं, पण त्याचा रॉड झिजावा म्हणून ती रोज मनापासून इच्छा करायची, हे लपवण्यात अर्थ नाही. धाकट्याचा पडलेला चेहरा, अडकलेला आवाज, खाली गेलेली मान, सगळं तिने इतक्या वेळा डोळ्यांपुढे आणलं होतं की ते पाठ झालं होतं.

अकराव्या महिन्यात, दुपारी, दार वाजलं. पुढे धाकटा, मागे कागदात गुंडाळलेला रॉड घेऊन बेकरीवाला. दुकानातल्या जुन्या डायवर दोन रॉड वाया गेले होते. हा तिसरा आणि शेवटचा. बेकरीचं यंत्र परवापासून बंद होतं आणि सहा माणसं हातांनी पीठ मळत होती.

"ताई, कशी आहेस? बरी आहेस ना?" धाकटा एका दमात म्हणाला. "हत्यारवाला म्हणाला, डाव्या आट्याची डाय तूच नेलीस. जरा दे ना. अर्ध्या तासात आणून देतो."

डाय दे! ताई चल नाही, ताई कर नाही. डाय दे.

"ती घराबाहेर जात नाही," ताई म्हणाली. "तुला पाडायचेत ना? इथेच पाड. व्हाइस आहे, हँडल आहे." आणि तिने कुपी उचलली. "मी तेल घालते."

बेकरीवाला जरा चमकला. धाकट्याला मात्र काही आठवल्याचं दिसलं नाही. त्याने रॉड धरला, डाय बसवली आणि सवयीने उजवीकडे फिरवायला लागला. डाय नुसती घसरत राहिली.

"डावीकडे ना हो?" बेकरीवाला म्हणाला.

धाकट्याने डावीकडे दाबली, पण एका हाताचा जोर जास्त पडला आणि डाय तिरकी बसली. ताईला ते पहिल्या पाव फेऱ्यातच दिसलं. ती आपली थेंब थेंब तेल सोडत राहिली. धाकटा पाव फेरा मागे यायचं विसरला, लोखंड किंचाळायला लागलं, त्याच्या कपाळावर घाम आला, आणि ताईला इतका आनंद झाला की तिला श्वास पुरेना.

"मांजर अडकलंय का गं कुठं?" आतून आत्या ओरडली.

धाकटा थांबला. आटा सरळ सरळ तिरका चालला होता, आंधळ्यालाही कळला असता. त्याने बेकरीवाल्याकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं. ताईने कुपी खाली ठेवली. दहा महिने तिने ज्याची वाट पाहिली ते आता समोर आलं होतं.

आणि धाकटा हसला. कपाळावर हात मारून, अगदी मोकळेपणाने हसला.

"अहो शेठ, तुमच्यापासून काय लपवायचं! आटे ताईच पाडायची, पहिल्यापासून. मी आपला बिलं फाडायचो. मला कुठे येतंय हे?" मग घड्याळ पाहत तो ताईकडे वळला. "चल, कर ना पटकन. शेठ खोळंबलेत."

झालं. म्हणून झालं.

ताईने हँडल त्याच्या हातातून घेतलं. रॉडचं बिघडलेलं टोक करवतीने उडवलं, कड कानसून घेतली, डाय सरळ बसवली. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. वीस मिनिटांत नट गरगरत शेवटपर्यंत गेला. बेकरीवाल्याने पैसे धाकट्याला न देता तिच्या हातात ठेवले आणि म्हणाला, "पुढच्या वेळी सरळ इथेच येतो."

धाकटा उंबऱ्यावर वळला. "मग उद्यापासून येतेस ना दुकानात? उगाच रुसून बसलीस एवढे दिवस. कशावरून ते तरी सांगायचंस."

ताईने दार लावून घेतलं.

आत्या काठी टेकत बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. "म्हणाला ना एकदाचा? मिळालं तुला हवं होतं ते?"

"मिळालं."

"मग तोंड असं का?"

"त्याला काहीच लागलं नाही गं, आत्या," ताई म्हणाली. "मान खाली घालावी लागली नाही, की जीभ अडखळली नाही. हसत हसत म्हणाला. इतकं सोपं होतं त्याला? मग बावीस वर्षांत एकदा, एकदा तरी..."

ती टेबलापाशी बसून हमसून हमसून रडली, अपमानाच्या दिवशीही रडली नव्हती इतकी. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि तिची समजूत अशी झाली की चला, बरं झालं, राग वाहून गेला. आत्याचा अंदाज सहसा चुकायचा नाही, पण या वेळी साफ चुकला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच ताई हत्यारवाल्याच्या काउंटरवर हजर.

"काय ताई, देऊ का पेटी खाली काढून?" तो हसत म्हणाला.

"पेटी नको. सुट्या डाय लिहून घ्या. आहेत त्या आजच द्या, बाकीच्या मागवा. पैसे हप्त्याने देईन."

तिच्या हातात कागद नव्हता. तीन सूत, जाड आटे, हे पिठाच्या गिरणीचं. बारा मिलिमीटर, बारीक आटे, हे लाँड्रीचं. छापखान्याचं, बर्फवाल्याचं, सुताराच्या पट्टीकरवतीचं. गिऱ्हाइकांची नावं ती मनात घेत होती आणि तोंडाने नुसती मापं सांगत होती, कुठेही न अडता. दुकानदाराची बोटं दुखायला लागली.

"अकरा झाली," तो म्हणाला. "आणखी?"

"नाही, एवढ्यावर भागेल."

वडिलांच्या काळापासून धाकट्याच्या दुकानाला बांधलेली गिऱ्हाइकं एकंदर बारा होती, आणि बेकरी कालच आली होती.