म्होरकीले भेव वाटते

माझ्या सासूबाई गाईंशी जितक्या मायेने बोलतात तितक्या मायेने माणसांशी बोलत नाहीत. लग्न होऊन मी अकोल्याहून चांदूर रेल्वेजवळच्या या गावात आले, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी अंगणातून आवाज आला, "उठ माय, ऊन आलं अंगावर. बरं नाई वाटत काय तुले?" मला अगदी भरून आलं. पदर सावरत बाहेर आले तर त्या गोठ्यात एका म्हाताऱ्या गाईच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "उठली काय? चहा ठेव."

माझे वडील शाळेत मास्तर. माहेरी दूध पिशवीतून यायचं आणि गाय म्हणजे भाजीबाजारात रस्ता अडवून बसलेलं जनावर, एवढीच ओळख. डझनभर गाई राखणारी बाई मी जवळून पाहिली ती सासूच्या रूपात, आणि खरं सांगायचं तर आधी मला त्यांचा रागच यायचा. घरी ट्रॅक्टर आहे, तूर-सोयाबीन आहे, नवऱ्याचं बरं चाललंय, मग या रोज काठी घेऊन रानात का जातात? लोक काय म्हणतील, हा प्रश्न मला पडायचा. त्यांना तो कधी पडलाच नाही.

पूर्वी गावाचा एक गायकी होता. सकाळी घराघरातली गुरं गावाबाहेर आखरावर जमायची आणि गायकी सगळा कळप चरायला न्यायचा. पुढे ट्रॅक्टर आले, बैल गेले, गुरं रोडावली. गायकी म्हातारा झाला आणि मुलाकडे पुण्याला निघून गेला. लोकांनी गाई विकल्या, नाहीतर खुंट्याला बांधून टाकल्या. सासूबाईंनी मात्र काठी उचलली. "मंग देवानं गाईले पाय कायले देल्ले?" एवढंच त्यांचं म्हणणं.

मी तालुक्याच्या शाळेत शिकवते. सुटीच्या दिवशी त्यांच्यासोबत जाऊ लागले ते निव्वळ वाद घालायला, कारण घरात त्या वादाला वेळच देत नसत. आमच्याकडे गावाच्या चराईच्या जमिनीला ई-क्लास म्हणतात. त्या ई-क्लासचे त्यांनी मनातल्या मनात तुकडे पाडले होते. एक नाल्याकाठचा, एक बाभळींचा, एक मुरमाड. एका तुकड्यात गाई चरून झाल्या की गवत पुन्हा वर येईस्तोवर तिकडे फिरकायचं नाही, मग गाईंनी कितीही माना वळवल्या तरी. वाटेत कुणाच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हिरवंगार गवत दिसलं तर आधी स्वतः वाकून त्याचा वास घ्यायच्या, कारण हल्ली धुऱ्यावरही तणनाशक मारतात.

"आई, फवारलं की पाटी लावायला सांगा ना लोकांना," मी एकदा म्हटलं.

"गाईले वाचता येते काय?"

"तुम्हाला येतं ना!"

"मले चष्मा लागते," त्या म्हणाल्या आणि पुढच्या धुऱ्यावर वाकल्या.

एखादी कालवड शेजारच्या तुरीकडे सरकली की त्या जागेवरून न हलता हाक मारायच्या, "ए भवाने!" आणि कालवड खाली मान घालून परत यायची. माझ्या वर्गात एका हाकेत परत फिरणारं एकही पोर नाही. मी भांडायला जात होते ते हळूहळू बघायला जाऊ लागले. गाय रवंथ कधी करते, कान पाडून उभी असली तर काय समजायचं, पाणी चरण्याआधी का नंतर, हे त्या मला मुद्दाम शिकवत नव्हत्या. गाईंशी बोलता बोलता माझ्या कानावर पडत होतं.

कळपाच्या पुढे चालायची ती म्होरकी, म्हणजे तीच त्या सकाळची म्हातारी गाय. दूध केव्हाच आटलेलं. पण ती निघाली की सगळ्या निघायच्या, ती थांबली की सगळ्या थांबायच्या. आमचा ई-क्लास रेल्वे रुळांच्या पलीकडे आहे. फाटकाची घंटी वाजली की म्होरकी रस्त्याच्या कडेला उभी राहायची आणि तिच्या मागे सगळ्या जणी रांगेत. गाडी जायची, फाटक उघडायचं, मग म्होरकी पाऊल टाकायची. सासूबाईंनीच ती शिस्त लावली होती. फाटकावरचा माणूस म्हणायचा, मोटरसायकलवाल्यांपेक्षा तुमच्या गाई शहाण्या. सासूबाईंचा तो दिवस मग चांगला जायचा.

मग ते फाटक बंद झालं आणि रुळांखालून बोगदा झाला. सगळा गाव खूश. मीही खूश, कारण फाटकापाशी ताटकळण्यात माझी पहिली तासिका बुडायची. आता स्कूटी घातली बोगद्यात की निघाले.

गाईंना मात्र तो पसंत पडला नाही. पहिल्या दिवशी म्होरकी तोंडाशी आली, खालच्या लोखंडी जाळीचा वास घेतला, आतल्या अंधाराकडे पाहिलं आणि चारी पाय रोवून उभी राहिली. मागून ढकललं तर खालीच बसली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

पोळा होऊन गेला होता. पलीकडे गवत मांड्यांपर्यंत वाढलेलं, आणि इकडे गाई घरी उभ्या राहून कुटार खात होत्या. तुरीचं ते कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, उन्हाळ्यासाठी राखून ठेवलेलं. पावसाळ्यातच ते संपलं तर वैशाखात गाईंपुढे टाकायचं काय? एका संध्याकाळी नवरा म्हणाला, "आई, दसऱ्यापर्यंत पाहू. नाई जमलं तं गोरक्षणात देऊन देऊ. उपाशी मारण्यापरीस बरं." तो चुकीचं बोलत नव्हता, आणि त्यालाही ते बोलणं जड जात होतं. सासूबाई उठून गोठ्यात गेल्या. त्या रात्री गोठ्यातून बोलण्याचा आवाज आला नाही. इतकी वर्षं ज्या बडबडीची मी चेष्टा केली ती बंद झाल्यावर माझा जीव कासावीस झाला.

मग सासऱ्यांनी मोहीम हाती घेतली. बोगद्याच्या तोंडाशी हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. म्होरकीने खोबरं खाल्लं. घमेल्यात सरकीची ढेप घालून ते जाळीच्या जरा आत उभे राहिले आणि तिथून बोलावू लागले. म्होरकीने लांबूनच मान लांब केली, जमेल तेवढी ढेप ओढली आणि माघारी आली. शेवटी त्यांनी तिच्या गळ्यात भली मोठी पितळी घंटी बांधली. एकदा का ही दोन पावलं आत गेली की घंटीच्या आवाजामागे बाकीच्या येतीलच, असा त्यांचा हिशेब. आणि त्या दिवशी म्होरकीने खरंच एक पाय जाळीपलीकडे टाकला. घंटी वाजली, बोगद्यात तिचा आवाज घुमला, आणि सगळ्या गाई होत्या तिथे उभ्या राहिल्या. कडेला, रांगेत, माना खाली घालून. घंटी वाजली म्हणजे गाडी येणार, हे त्यांना शिकवलेलंच होतं. इतकंच काय, सासरेही सवयीने मान वर करून रुळाकडे बघू लागले. मी हसून हसून खाली बसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी घंटी सोडून काखेत धरली आणि कळप घराकडे वळवला.

या सगळ्या खटपटीत त्या कायम सर्वांत मागे उभ्या असायच्या. "मांगून कोनी पायजे ना," म्हणायच्या. मला ते पटलं होतं, राखोळी करणारा कळपामागेच चालतो. पण आणखी एक गोष्ट होती. पूर्वी दर आठवडी बाजाराला त्या माझ्या स्कूटीवर मागे बसून यायच्या. बोगदा झाल्यापासून म्हणायच्या, "मले काई घ्यायचं नाई." हे दोन्ही एकत्र जोडायला मला फार वेळ लागला.

दसऱ्याच्या अलीकडचा रविवार होता. सासरे कंटाळून घरी राहिले होते. आम्ही दोघीच गाई घेऊन निघालो. म्होरकी नेहमीप्रमाणे तोंडाशी थांबली. पण या वेळी मी तिच्याकडे न बघता सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा एक हात बोगद्याच्या भिंतीवर घट्ट टेकलेला होता. कपाळ घामाने भिजलेलं.

"आई, काय झालं?"

"काई नाई. म्होरकीले भेव वाटते."

"आणि तुम्हाला?"

त्यांनी मान वर करून बोगद्याच्या छताकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "वरून गाडी जाते वं. अख्खी गाडी. आपल्या डोक्यावरून."

सापाला काठीने बाजूला सारणारी, उधळलेल्या गोऱ्ह्यासमोर हात पसरून उभी राहणारी ही बाई. घरात कुणालाही न सांगता ती महिनाभर हे भेव एकटीच सांभाळत होती, आणि त्यापायी आपल्या गाई हातच्या जाताना बघत होती. मला त्यांची इतकी माया वाटली की राग आला. "अहो, सांगायचं ना!" असं मी ओरडणार होते. पण तोंडातून निघालं, "मलाही वाटतं."

"तुले कायचं भेव? तू तं रोज जाते."

"स्कूटीवर नाही वाटत. पायी वाटतं. हात धरा माझा."

त्यांनी हात धरला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या कळपाच्या पुढे चालल्या. मागे वळून पाहायचं नाही, असं आम्ही ठरवलं. मधोमध पोचलो आणि वरून मालगाडी आली. भिंती हादरल्या, कानात नुसता धडधडाट. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले आणि माझा हात असा आवळला की बांगडी मनगटात रुतली. मालगाडी संपता संपेना. आणि त्या आवाजातच त्या बोलू लागल्या, "नको भिऊ माय, जाऊन राह्यली गाडी, मी हाव ना, मी हाव." मला म्हणत होत्या का स्वतःला, कळेना. गाडी गेल्यावर डोळे उघडले तर म्होरकी आमच्या मागे होती. तिचं ओलं नाक सासूबाईंच्या पाठीला टेकलेलं, आणि तिच्या मागे अंधारात सगळ्या गाई, एकीच्या मागे एक. सासूबाई तिथेच तिच्या गळ्याला मिठी मारून रडल्या. मीही रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

आता म्होरकी थांबत नाही. बोगदा दिसला की उलट पाय उचलते, कारण पलीकडचं गवत तिला ठाऊक आहे. मी शाळेत जाताना स्कूटी तोंडाशी उभी करते, सासूबाईंना पलीकडे पोचवते आणि परत येऊन स्कूटी काढते. शाळेत उशिराचं कारण विचारलं की सांगते, गाई आडव्या आल्या. संध्याकाळी सासरे आणायला जातात. का जावं लागतं, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही, मीही त्यांना नाही.

आजही सकाळी गाई एकेक करून आत गेल्या, बाहेर पडल्या, पलीकडे पांगल्या. म्होरकी तर चरायलाही लागली होती. सासूबाई अलीकडे तोंडाशीच उभ्या, हात भिंतीवर.

"थांब वं जराशी," त्या म्हणाल्या. "म्होरकीले भेव वाटते."

"वाटणारच आई," मी म्हटलं आणि हात पुढे केला.