तानबाजींचे दहा कधी वाजतात

माझा या जगात एकच वैरी होता, आणि तो पायात स्लिपर घालून यायचा.

मी मुकेश. जाम गावच्या चौकात माझं साउंड सर्व्हिसचं दुकान आहे. लग्न, वाढदिवस, ऑर्केस्ट्रा, काहीही असो, तालुक्यात आवाज करायचा म्हटलं की लोक मलाच बोलावतात. आणि बहुतेक वेळा तो आवाज नगरपंचायतीच्या सभागृहात करायचा असतो. हे सभागृह सगळ्या जनतेचं, असं पाटीवर लिहिलंय. ते रात्री दहापर्यंतच खरं. दहानंतर ते एकट्या तानबाजींचं व्हायचं.

तानबाजी तिथले चौकीदार. बरोबर दहाला स्टेजजवळ यायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, “चला भाऊ, झाले दहा. लोकं झोपून राह्यले.” मग बाजूच्या खोलीत जाऊन खटका पाडायचे. आवाजाची लाइन त्यांनी वायरमनच्या मागे लागून वेगळी करून घेतली होती. त्यामुळे दिवे चालू, पंखे चालू, आणि माझे एवढे मोठे स्पीकरचे डब्बे मुके! एकदा नवरदेवाचा मामा नागीण होऊन जमिनीवर लोळत होता आणि गाणंच गेलं. उठावं की तसंच पडून राहावं, त्या बिचाऱ्याला समजेना. लोक हसले, आणि शिव्या मला बसल्या.

आता खोटं कशाला बोलू, त्यांचं चुकत नव्हतं. सभागृहाच्या मागच्या आळीत सगळी भाजी पिकवणारी माणसं. मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, तोडून, जुड्या बांधून अंधारातच बाजाराला निघतात. पूर्वी आमचे कार्यक्रम मध्यरात्र उलटून जायचे. त्या लोकांनी नगरपंचायतीत जाऊन आरडाओरडा केला, तेव्हा ठराव झाला की दहा म्हणजे दहा. ठराव करणारे करून मोकळे झाले. पाळायची वेळ आली तेव्हा नाचणाऱ्यांच्या तोंडी लागायला एकटे तानबाजी उरले.

पण खरा घोळ त्यांच्या घड्याळाचा. सभागृहात भिंतीवर एक घड्याळ होतं आणि तानबाजी ते बघून चालायचे. एकदा पिपरी मेघेहून वरात आली. त्यातल्या कोणीतरी खुर्चीवर चढून काटे मागे सरकवले. तानबाजी भोळे, घड्याळाकडे बघत शांत बसले. आम्ही पोटभर वाजवलं. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको लीलाबाई, तीही भाजीच विकते, बाजारात मेथीच्या ढिगावर डोकं ठेवून झोपली. जाग आली तेव्हा बाजार उठला होता.

लीलाबाई तशीच तणतणत सभागृहात आली. मी वायरी गुंडाळत होतो.

“घड्याळ फिरवा खुशाल,” ती म्हणाली. “आता मले फिरवून दाखवा!”

त्यांचं घर सभागृहाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे. ओसरीत एक बल्ब. त्या दिवसापासून असं ठरलं की दहा वाजले की लीलाबाई तो बल्ब बंद करणार, आणि तो विझला की तानबाजी खटका पाडणार. भिंतीवरचं घड्याळ मग नुसतं शोभेला राहिलं. मी एकदा काकूंसाठी पेढे घेऊन गेलतो. त्यांनी पेढे खाल्ले, चांगले आहेत म्हणाल्या, आणि दहाला बल्ब बंद!

आता या माणसाची गंमत ऐका. हेच तानबाजी पोरवयात दंडारीत गायचे. आमच्याकडे दंडार म्हणजे गावच्या चौकातलं नाचगाण्याचं नाटक, ते उजाडेपर्यंत चालायचं. तानबाजी त्यात लुगडं नेसून बाईचं काम करायचे आणि पहाटेपर्यंत गाव जागं ठेवायचे! लग्न ठरलं तसं वडिलांनी ते सोडवलं. लीलाबाईंनी नवऱ्याचं गाणं कधी ऐकलंच नाही.

दुपारी मी माइक तपासायला लागलो की तानबाजी हळूच जवळ येऊन उभे राहायचे.

“मुकेशभाऊ, याच्यात जुना आवाज चालते का?”

“चालते ना काका. घ्या, म्हना काही.”

लगेच हात मागे. “नाई नाई. ड्युटीवर आहो मी.”

यंदा ते रिटायर झाले. निरोप समारंभात काय पाहिजे म्हणून विचारलं, तर म्हणाले, “हार नको. घड्याळ तर बिलकुलच नको. एक गानं म्हनू द्या मले, हिच्यासमोर.”

आता आमच्याकडचा समारंभ तुम्हाला माहीत असेल. पत्रिकेत सहा वाजता लिहिलं होतं, पाहुणे आठला उगवले. सूत्रसंचालन वासुदेवराव गुरुजींकडे. ते प्रत्येक नावाआधी चार ओळी म्हणतात आणि टाळ्या पडल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. मग सत्कार सुरू झाले. पाहुण्यांचा झाला, स्टेजवरच्या सगळ्यांचा झाला, मंडपवाल्याचा झाला, शाली आणल्या त्याचाही झाला. मलाही एक नारळ मिळाला. आणि नारळाचं ताट घेऊन स्टेजभर कोण फिरत होतं? ज्याचा निरोप होता तोच! सवयच ती, दुसरं काय.

त्यावर भाषणं. दहाला दहा कमी होते आणि उपाध्यक्ष अजून स्वतःच्या बालपणातच होते.

तानबाजी स्टेजच्या टोकाच्या खुर्चीवर, करगोट्याला खटक्याच्या खोलीची किल्ली, कारण ड्युटी संपली नव्हती म्हणे. सभागृहाचं मोठं दार उघडं होतं आणि स्टेजवरून समोरचा बल्ब सरळ दिसत होता. त्या दिवशी बल्बाचं काम सुनेकडे, मंजुषाकडे दिलं होतं. सासू पहिल्या रांगेत नवं पातळ नेसून बसली होती. तानबाजी एकदा उपाध्यक्षांकडे बघत, एकदा बल्बाकडे. तोंड एवढंसं झालं होतं. खरं तर मला आनंद व्हायला पाहिजे होता. घ्या म्हणावं, कळलं ना आता? पण नाही झाला. वाईट वाटलं मला, लय वाईट वाटलं.

तेवढ्यात लीलाबाई उठल्या आणि मधल्या वाटेनं तरातरा बाहेर निघाल्या. माझं डोकंच फिरलं. सुनेवर भरवसा नाही, म्हणून स्वतः बल्ब विझवायला निघाली ही बाई! आजच्या दिवशी तरी नको ना, बाप्पा!

परत आल्या त्या मंजुषाला मनगटाला धरून. तिच्या हाताला कणीक तशीच. दोघी पहिल्या रांगेत येऊन बसल्या. काकूंनी पदर सारखा केला आणि समोर बघायला लागल्या.

मी दाराकडे पाहिलं. बल्ब चालू. आणि घरात तो बंद करायला आता कोणीच नव्हतं.

अखेर उपाध्यक्ष बसले. तानबाजींनी माइक हातात घेतला, दाराकडे नजर टाकली, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू! अजून दहा वाजायचे होते ना त्यांचे.

बैलबंडीत बसून माहेरी निघालेल्या सुनेचं गाणं होतं. पहिली ओळ फाटली. दुसरी ओळ कशीबशी. आणि मग त्या म्हाताऱ्या गळ्यातून एक कोवळी बाई बोलायला लागली, राजेहो. कडवं संपलं की ते बल्बाकडे बघायचे, आणि चालू दिसला की पुढचं उचलायचे. मागच्या आळीतली सगळी माणसं आत बसली होती, लेकरांबाळांसकट. झोपायला मागे कोणी उरलंच नव्हतं. लीलाबाई पापणी हलवत नव्हत्या. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसायचंही भान त्यांना नव्हतं.

माझं बोट मशीनवर, त्यांच्याच आवाजाच्या बटणावर होतं. मोबाइलमध्ये दहा कधीच वाजून गेले होते. एक दिवस या माणसाचा आवाज बरोबर दहाला बंद करीन, अशी मी शपथ खाल्ली होती. मी बटण थोडं वर केलं.

गाणं संपलं आणि सभागृह दणाणलं. “अजून एक, तानबाजी!” तेही लाजत लाजत पुन्हा तोंड उघडणार, तर लीलाबाई उठल्या, रस्ता ओलांडला आणि बल्ब बंद केला.

तानबाजींनी तो विझलेला पाहिला. माइक खाली ठेवला, हात जोडले.

“चला भाऊ, झाले दहा. लोकं झोपून राह्यले.”

ती लोकं समोर बसून पोट धरून हसत होती. पण ते खोलीत गेले आणि खटका पाडलाच.

सकाळी बाजारात गेलो, तर लीलाबाई सांबाराच्या जुड्या मांडून बसलेल्या. डोळे लाल, पण जाग्या. मला राहवलं नाही.

“काकू, काल दहा कधी वाजले हो?”

“बुढ्याचं गानं झाल्यावर,” जुडीवर पाणी शिंपडत त्या म्हणाल्या. “तुह्या डीजेले लागू नाई ते.”