एकटीला चढवता येईल असा रॅक

आमच्या छोट्या जीपगाडीचा टप इतका आखूड होता, की त्यावर सतरंजी टाकली असती तर ती दोन्हीकडून लोंबली असती. आणि माझी फळी बारा फुटांची. फळी म्हणजे शीड लावून, उभ्याने, वाऱ्यावर चालवायची फळी. ऐंशीच्या दशकात मिनेसोटातल्या तळ्यांवर या फळ्यांचं पेव फुटलं होतं. उन्हाळा लागला की पाण्यावर रंगीत शिडं दिसू लागत, आणि आमच्या ईडन प्रेरी गावातली मराठी मंडळी काठावर कणसं भाजत त्यांच्याकडे बघत बसत. त्या मंडळींतून उठून पाण्यात गेलेली मी एकटीच.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होते. शनिवारी ड्यूटी असायची, म्हणून बुधवारी सुट्टी. लॅबमधल्या एका मैत्रिणीने मला ही फळी शिकवली. तिच्याकडे पिकअप ट्रक होता, तेव्हा नेण्या-आणण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे तिची दुसऱ्या राज्यात बदली झाली आणि जाताना ती फळी मला देऊन गेली. फळी आमच्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकून उभी राहिली आणि मी रोज गाडी काढताना तिच्याकडे बघून चरफडू लागले. उन्हाळा तिथे केवढासा! बघता बघता संपतो.

मला पाण्याची भीती कधीच नव्हती. पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकलून दिलेल्या पोरांतली मी. नवरा मात्र पुण्याच्या पेठेत वाढलेला, आणि पाण्याशी त्याचा संबंध आंघोळीपुरता. मी तळ्यात असले की तो काठावर घडीच्या खुर्चीत पेपर उघडून बसायचा. त्या पेपरचं पान उलटलेलं मी कधी पाहिलं नाही.

पण ते रविवारचं. मला हवा होता बुधवार. घरात पाहुणे, लॅबमध्ये माणसं, फोनवर भारतातली माणसं. आठवड्यातला तेवढा एक दिवस कोणाशी न बोलता, कोणाला न विचारता घालवावा असं मला फार वाटायचं. पाण्यावर गेलं की ते जमायचं. वारा शिडात भरला की दुसरं काही डोक्यात राहतच नाही, पडायची भीतीसुद्धा नाही. म्हणून गाडीवर रॅक हवा होता, आणि असा हवा होता की बुधवारी सकाळी मी एकटीने फळी चढवावी आणि निघावं.

आता आमच्यात कोणी साधा टोस्टर घ्यायचा म्हटला तरी चारचौघांना विचारल्याशिवाय घेत नसे. मग रॅक कसा सुटेल? पुढच्याच पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणून करायच्या जेवणाला, विषय निघाला. आमचा एक मित्र पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर. त्याने पेपर नॅपकिन ओढला आणि त्यावर जीपचं चित्र काढलं. टप आखूड, त्यामुळे दोन आडव्या दांड्यांमधलं अंतर कमी. फळी पुढे-मागे लोंबणार, हायवेवर वाऱ्याने उचलली जाणार. "नुसत्या दांड्या नको यार, लोड नीट डिस्ट्रिब्यूट झाला पाहिजे," असं म्हणत त्याने टपावर अख्खा पिंजरा काढला, चारी बाजूंनी कठडा असलेला, पाय चांगले उंच. बाकीच्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी वर सामानही ठेवता येईल म्हणालं, कोणीतरी कॅम्पिंगची गोष्ट काढली. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण आमच्या त्या परमेश्वराची उंची पावणेसहा फुटांच्या खाली नव्हती. मी पाच फुटांना जेमतेम टेकते.

इंजिनियरची बायको श्रीखंडाचं भांडं घेऊन आली आणि नॅपकिनकडे बघत मला म्हणाली, एवढ्या वर तू चढवणार कशी गं? उत्तर मी देण्याआधी माझ्या नवऱ्याने दिलं. आम्ही दोघं असूच की, म्हणाला.

मी वाटी पुढे केली. श्रीखंड छान झालं होतं, ते खाल्लं.

दुकानात गेलो तेव्हा दोन्ही प्रकार तिथे होते. पिंजरा दाखवायला म्हणून आमच्याच गाडीवर चढवून ठेवला. गाडी आधीच उंच, त्यावर रॅकचे पाय, त्यावर कठडा. मी चवड्यांवर उभी राहिले तर बोटांची टोकं कठड्याला लागली, एवढंच. दुसरा प्रकार साधा होता. टपाच्या कडेला पावसाच्या पाण्यासाठी पन्हळ असते, तिला चिमटे लावून बसवायच्या दोन दांड्या, आणि मागच्या दांडीवर रबरी रूळ. फळीचं टोक मागून रुळावर टेकवायचं, शेपटाकडून उचलायचं आणि पुढे ढकलत न्यायचं. अर्धं वजन गाडीच पेलते. पुढे आणि मागे बंपरला दोर घट्ट बांधला की वाऱ्याचं भय नाही, असं दुकानदार म्हणाला. मी त्याच्याकडून दुकानातली एक फळी मागून घेतली आणि शेजारच्या गाडीवर तशा दांड्या होत्या, तिच्यावर चढवून पाहिली. पहिल्यांदा घसरली. दुसऱ्यांदा गेली.

नवऱ्याने पाहिलं, आणि दुकानदाराला सांगितलं की पिंजराच देऊन टाका.

मी बाहेर येऊन गाडीत बसले. माझं डोकं तापलं की मी भांडत नाही, दार जोरात लावते. तेवढं लावलं. थोड्या वेळाने तो येऊन शेजारी बसला. रॅक मजबूत आहे, वीस वर्षं हलणार नाही, हायवेवर जीव शांत राहील, असं बरंच काही म्हणाला. मी म्हटलं, तो मला चढवता येत नाही. तर म्हणे, मी आहे ना. बुधवारी तू नसतोस, मी म्हटलं.

त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही. मग म्हणाला, "बुधवारी जाता येऊ नये म्हणूनच घेतोय."

मी त्याच्याकडे वळून पाहिलं.

"तू पडतेस, आणि शीड तुझ्या अंगावर येतं," तो म्हणाला. "तू वर येईपर्यंत मी काठावर आकडे मोजतो. मला पोहता येत नाही. मी तिथे असून काही करू शकत नाही, हे मला कळतं. पण तू तिथे आणि मी ऑफिसात, हे मला झेपणार नाही."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण हा माणूस आकडे मोजत बसतो हे मला ठाऊक नव्हतं. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, आणि त्याच वेळी रागही आला. माझ्या पायात बेडी घालायची, आणि तीही वीस वर्षं न हलणारी! मी म्हटलं, "तुझी भीती मला कळली. पण ती माझ्या गाडीच्या टपावर नको बसवूस."

एवढं बोलून मी परत दुकानात गेले आणि दोन दांड्या आणि रुळाचा रॅक मागितला. तो मागोमाग आला. खोका त्यानेच उचलला.

रॅक बसवलाही त्यानेच. रविवारची अख्खी दुपार तो पाना घेऊन गाडीभोवती फिरत होता. चिमटे आवळले, सोडले, पुन्हा आवळले. दांडीला लटकून पाहिलं. दोरासाठी बंपरवर कड्या लावल्या आणि मला गाठ शिकवायला निघाला, तेव्हा मी म्हटलं की गाठी मला तुझ्यापेक्षा चांगल्या येतात. ते खरं होतं आणि त्यालाही पटलं.

बुधवारी तो ऑफिसला उशिरा निघाला. मी फळी गॅरेजमधून ओढून आणली, पालथी केली, टोक रुळावर टेकवलं. तो ड्राइव्हवेच्या कडेला पँटच्या खिशात दोन्ही हात घालून उभा होता. फळी वाकडी गेली, टपाला घासली, परत माझ्या अंगावर आली. त्याने एक पाऊल पुढे टाकलं आणि तिथेच थांबला. हात खिशातच होते. दुसऱ्या खेपेला मी दम धरून ढकलली आणि ती सरळ वर गेली. मी पुढचा-मागचा दोर बांधला. बघून घे म्हटलं. त्याने दोर एकदा ओढून पाहिला आणि आपल्या गाडीत बसून निघून गेला.

त्या दिवशी तळ्यावर वारा छान होता. मी कितीदा पडले याचा हिशोब ठेवला नाही. एकदा शीड अंगावर आलं तेव्हा पाण्याखाली मला त्याची आठवण झाली, हे खरं. पण वर आले, फळीवर चढले, शीड उचललं आणि पलीकडच्या काठापर्यंत गेले. कोणी बघत नव्हतं. मी मोठ्याने हसले. इतकं मोकळं मला अमेरिकेत आल्यापासून कधी वाटलं नव्हतं. निघताना फळी ओली आणि हात गळलेले, तरी तेव्हाही एकटीनेच चढवली.

घरी आले आणि मागचा दोर सोडतच होते, तेवढ्यात त्याची गाडी आली. रोजच्यापेक्षा बराच लवकर आला होता. उतरून आधी माझ्याकडे पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. मग फळीजवळ गेला आणि तिच्या ओल्या पाठीवरून हात फिरवला.

"पडलीस?"

"पडले की."

त्याने मान हलवली. उतरवणं तर चढवण्यापेक्षा सोपं होतं. नुसती रुळावरून मागे ओढायची. रविवारी रॅक बसवल्यावर त्याने स्वतः फळी चढवून-उतरवून पाहिली होती, म्हणजे त्यालाही ते माहीत होतं. तरी त्याने बॅग खाली ठेवली, बाह्या दुमडल्या आणि फळीचं मागचं टोक धरलं.

"चढवायची तू एकटी चढव," तो म्हणाला. "पण उतरवायला माझ्यासाठी थांबत जा."

पुढचे सगळे बुधवार मी चार वाजता घरी यायची आणि फळी तशीच टपावर ठेवून, ओल्या केसांनी, पायरीवर त्याची वाट बघत बसायची.