साडभाऊचं ऊन

नागपूरच्या उन्हावर मनापासून प्रेम करणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे आणि तो नेमका माझा साडभाऊ, म्हणजे साडू, आहे. मे महिन्यात भर दुपारी आम्ही बाकीचे कूलरच्या तोंडाशी जागा मिळावी म्हणून भांडत असतो, तेव्हा हा गृहस्थ डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा टाकून आणि गळ्यात कॅमेरा अडकवून प्रताप नगरातल्या आपल्या घरातून बाहेर पडतो. का, तर त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये, फोटो काढायचे असतात आणि तो उजेड म्हणे दुपारीच भरपूर मिळतो. "सकाळचं ऊन पचपचीत राह्यते गा. ऊन कसं, झणझणीत पाहिजे," असं तो सावजीच्या रश्श्याबद्दल बोलावं तसं बोलतो. त्याच्याबरोबर मी एकदाच गेलो होतो आणि नंतर दोन दिवस कैरीच्या पन्ह्यावर काढले.

नोकरी त्याने खापरखेड्याच्या वीज केंद्रात केली. निवृत्त झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात किंवा गुडघ्यांकडे लक्ष देतात. याने लोकांच्या कपाटांकडे लक्ष दिलं. कोणाकडे जुना डिजिटल कॅमेरा धूळ खात पडलेला दिसला की तो त्याने नेलाच म्हणून समजा. माझाही असाच गेला. कॅमेऱ्यात सेन्सरपुढे एक बारीकशी काच असते, ती हा अदृश्य उजेड अडवते. ती काढायची आणि तिथे काळपट काच बसवायची, एवढाच तो उद्योग. पण आत धुळीचा कण जाता कामा नये. म्हणून साडभाऊ न्हाणीघरात गरम पाणी सोडतो, वाफेने धूळ खाली बसली की आतून कडी लावून घेतो आणि पाटावर बसून कॅमेरा उघडतो. बाहेर पाहुणे अंघोळीसाठी टॉवेल घेऊन ताटकळत उभे असतात. काम झालं की एखाददुसरा स्क्रू हमखास उरतो. "कंपनीवाले जास्तीचेच देतेत," हे त्याचं ठरलेलं उत्तर. एकदा फ्लॅशजवळ हात लागून असा झटका बसला की साबणाची वडी खिडकीतून बाहेर गेली. "अख्खी नोकरी विजेत काढली, कधी झटका नाही बसला. अन् या डबीनं मले पाडलं!" हे सांगताना त्याच्या आवाजात त्या डबीबद्दल आदरच होता.

फोटो मात्र असे, की टिंगल करायला गेलेला माणूस ‘अजून दाखवा’ म्हणतो. झाडांची पानं पांढरीशुभ्र, आकाश काळंभोर. सक्करदऱ्याचा तलाव त्याने असा काढला, की पाणी शाईसारखं आणि काठावरच्या गवतावर जणू बर्फ. तो फोटो कोणीतरी 'नागपुरात हिमवर्षाव' म्हणून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला आणि बाहेर ऊन रणरणत असताना शेजारच्या काकूंनी खरोखर गच्चीवर जाऊन पाहिलं.

पण या माणसाकडे एकच फोटो नव्हता, बायकोचा. ताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, चेहऱ्यावर आणि हातांवर कोडाचे डाग आले त्याला बरीच वर्षं झाली. कुठल्याशा लग्नात एका बाईने त्यांच्या हातचं पाणी घ्यायला का-कू केलं, त्या दिवसापासून ताई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या नाहीत. पोरीच्या लग्नाच्या अल्बममध्ये त्या आहेत, पण कुठे कोणाच्या खांद्यामागे, कुठे पदराआड. एका फोटोत तर नुसता बांगड्यांचा हात आहे. साडभाऊला जगात हवा होता तो त्यांचा समोरून काढलेला एक फोटो. "मी तं तुले रोज पाहतो वं. कॅमेऱ्यानं तुहं काय घोडं मारलं?" असं तो विचारायचा आणि ताई उठून स्वयंपाकघरात जायच्या.

मागच्या उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि कावळे हाकलायला मला बसवलं होतं. साडभाऊ कुंडीतल्या तुळशीवर कॅमेरा रोखून बसला होता. ताईंनी कुरडया उलटायला हात पुढे केला आणि तो फोटोत आला. साडभाऊने पडद्यावर पाहिलं आणि खुणेने मला बोलावलं. तुळस पांढरी झाली होती, आणि ताईंचा हात मनगटापासून बोटांपर्यंत एकसारखा होता. त्या उजेडाला कातडीचा सावळेपणाच जाणवत नाही, म्हणून डागाची जागा आणि बाकीची जागा त्याला सारखीच, हे त्याने मला नंतर समजावलं. तेव्हा मात्र तो "पाहून राहिला का गा?" एवढंच म्हणाला.

ताईंची समजूत घालण्यात अर्धी दुपार गेली. शेवटी त्या पदर सारखा करून, शाळेतल्या मुली बसतात तशा ताठ, कठड्याशी खुर्चीवर बसल्या. फोटो सुरेख आला. ताईंनी कॅमेरा सावलीत नेला, चष्मा लावला आणि कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"खरंच जी, एकबी डाग नाही," त्या म्हणाल्या. साडभाऊचा चेहरा असा फुलला! मग ताईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "अन् माहं कुंकू कुठी गेलं?"

साडभाऊने वाकून पाहिलं. कपाळ कोरं होतं. लाल रंगही त्या उजेडात कातडीसारखाच पांढरा होतो, हे त्याला पाठ होतं. पण इतकी वर्षं मनात धरलेल्या या एका फोटोच्या वेळी नेमकं तेच तो विसरला होता.

"ते... ते याच्यात येत नाही वं," तो चाचरला.

"मंग मले नोको हा. तुम्ही चांगले समोर बसून राहिले, अन् माहं कपाळ उघडं काहून?" ताई माझ्याकडे वळल्या. "जवाईबापू, तुमचा साधा मोबाइल द्या यायले. डाग येतेत तं येऊ द्या."

मी मोबाइल साडभाऊच्या हातात दिला आणि कावळ्यांकडे तोंड फिरवलं.

त्याच्या बैठकीच्या खोलीत सगळ्या पांढऱ्या झाडांमध्ये तेवढा एक रंगीत फोटो आहे. डाग आहेत, कुंकू लालभडक आहे, उन्हामुळे डोळे बारीक झालेत. आणि फोटो थोडा हललेलाही आहे. यंदा साडभाऊचं उन्हात जाणं कमी झालंय; डॉक्टरांनी दटावलंय. दुपारी तो कूलरसमोर बसून त्या फोटोकडे पाहत असतो.

"हललाच गा जरासा," मी गेलो की तो हळहळतो.

"मंग दुसरा काढा नं," ताई आतून म्हणतात.