ओल सांगणारं यंत्र

पुण्यातली नोकरी सोडून मी जळगावला परतले आणि जमिनीतली ओल मोबाइलवर सांगणारं यंत्र बनवायची कंपनी काढली. कंपनी म्हणजे मी आणि अर्धं आयुष्य रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात घालवलेले एक चाचा. पेपरात माझा फोटो आला. गल्लीतली माणसं थांबून कौतुक करू लागली, आणि चूक कबूल करायला मला जागाच उरली नाही.

चाचा पहिल्या महिन्यापासून सांगत होते, “ताई, काळी माती सुकताना यंत्रापासून सुटते. मग पाणी दिलं तरी ते कोरडंच दाखवतं.” मी कधी नेटवर्कला दोष दिला, कधी शेतकऱ्यांना. चाचांचं खरं मानलं, तर फोटोतल्या बाईचं काय करायचं?

अमळनेरजवळ एक अक्का यंत्राच्या भरवशावर कपाशीला पाणी देत राहिली. झाडं पिवळी पडली. मी गेले तेव्हा तिने मोबाइल दाखवला : ‘कोरडं’. मग वाकून मूठभर माती माझ्या हातावर ठेवली.

“बठ्ठं वावर वल्लं शे. माले दिसत व्हतं. पण तू शिकेल बाई, म्हनीसन तुन्हं ऐकं.”

सगळं शेत ओलं होतं, तिला दिसत होतं, तरी शिकलेली बाई म्हणून तिने माझं ऐकलं होतं. माझ्या हाताला चिखल लागला होता. तरी मी म्हणाले, “सर्व्हर तपासते,” आणि निघाले. एसटीत बसल्यावर स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी धुळ्यातल्या एका कॉलेजात उद्योजक म्हणून माझं भाषण होतं. मी ठरवून सगळं सांगितलं. यंत्र चुकतं, मला माहीत होतं, मी लपवलं. सभागृहात टाळ्या वाजल्या. प्राचार्य म्हणाले, “इतकं यश मिळूनही पाय जमिनीवर!” पुन्हा फोटो. खरं बोलूनही मी तिथेच अडकले होते.

तिथून थेट वर्कशॉपात गेले. चाचा एका वायरीला सोल्डरिंगचा डाग देत होते.

“तुमचं पहिल्यापासून बरोबर होतं. ऐकायची मला भीती वाटायची.”

“ते दिसत होतं,” ते म्हणाले. “यंत्रं काढायला कधी निघायचं?”

सकाळी आधी अक्काकडे गेलो. मी तिला सांगितलं, चूक यंत्राची नाही, माझी. पंधरा दिवस आधी सांगितलं असतंस तर झाडं वाचली असती, एवढंच ती म्हणाली. चाचांनी वायर कापली आणि मी चिखलात गुडघे टेकून यंत्र उपसू लागले.