उसना पोपट

त्या काळी पनवेलात मुलीच्या लग्नाचा विषय निघाला, की तिच्या हातात मॅटीचं कापड आणि रंगीत दोरे कोंबत. फुल्याफुल्यांचा एक पोपट भरता येत नसेल, तर ती संसार काय करणार, डोंबल! मीही भरायला घेतला. एक फुली उजवीकडे कलली, दुसरी डावीकडे आणि मागे नुसत्या गाठी. पोपटाचं वांगं झालं. आईने कपाळाला हात लावला आणि शेजारणीचा पोपट मागून आणला.

उरणहून पाहुणे आले. मुलाच्या आईने पोपट उलटा करून खिडकीपाशी धरला, कारण खरा हात म्हणे मागच्या बाजूने कळतो. मागे एकही गाठ नव्हती. "मुलगी नीटनेटकी आहे हो," म्हणत त्यांनी मला पसंत केलं. मुलगा खाली मान घालून बशीतून चहा पीत होता आणि गोड हसत होता.

लग्नानंतर आठवड्याच्या आत आमटीत मीठ कमी पडलं म्हणून त्याने ताट भिरकावलं. आम्ही पोपट शेजारून आणला होता. तो गोड मुलगा त्यांनी कुणाकडून मागून आणला होता, ते मला अजून कळलेलं नाही.